काडतुसाच्या पुंगळ्या छाटणाऱ्या हाताच्या ट्रिमरला (केस ट्रिमर) कोणतं पॉवर टूल जोडावं?

नेमधारी (धागाकर्ता)
वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी (रीलोडिंग) मापाला छाटायला आडवा, लेथसारखा केस ट्रिमर आहे. एका टोकाला कोलेट (आवळणारी पकड) पुंगळीची रिम, म्हणजे तळाची कडा, पकडतं, दुसऱ्या टोकाकडून पायलट (पुंगळीच्या तोंडात शिरून कटर मध्यावर ठेवणारी दांडी) लावलेला कटर हँडलनं फिरवत पुढे न्यायचा. .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर या दोनच प्रकारच्या पुंगळ्या छाटायच्या असतात, पण एका बैठकीत शेकड्यांनी. हात दमला की दाब बदलतो आणि कापही बदलतो. ट्रिमर चांगला आहे, तो बदलायचा नाही. हँडलच्या जागी काय जोडावं एवढंच ठरवायचं आहे.

समोर पर्याय असे: १८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल, छोटा इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, किंवा ड्रिल प्रेस. आरपीएम किती हवा, जोडणी कशी करावी आणि लांबीत फरक पडेल का, हे तीन प्रश्न आहेत.

लेथवाला_काका
२०० ते ४०० आरपीएम. बाकी सगळं यानंतर.

हिशोब बघा. .२२३ च्या मानेचा (पुंगळीचा तोंडाकडचा अरुंद भाग) बाहेरचा व्यास साधारण ६.४ मिमी, म्हणजे ३०० आरपीएमला कटरच्या धारेचा वेग मिनिटाला सहा मीटर. .३०८ ला मान ८.७ मिमी, तिथे आठ मीटरच्या थोडं वर. हायस्पीड स्टीलच्या कटरसाठी पितळेवर हा वेग फारच कमी आहे, धारेला याच्या कितीतरी पट झेपेल. मग वाढवायचा का नाही? कारण अडचण धारेची नाही, पायलटची आहे. पायलट मानेच्या आत घासत फिरतो. वेग वाढला की तो तापतो, पितळ त्याला चिकटायला लागतं, आणि मानेच्या आत उभे-आडवे ओरखडे उठतात. पुढच्या पुंगळीत तोच खरबरीत पायलट जातो.

दुसरं, वेगानं वाचतं काय? समजा एका पुंगळीला २० फेरे लागतात. ३०० आरपीएमला ४ सेकंद, १२०० ला १ सेकंद. वाचले तीन सेकंद. पुंगळी कोलेटमध्ये घालणं, आवळणं, काढणं याला त्याहून जास्त वेळ जातो. तेव्हा वेगाचा मोह सोडा.

ठिणगी
इम्पॅक्ट ड्रायव्हर का नको म्हणतात सगळे? हलक्या लोडवर त्याचा आतला ठोके देणारा हातोडा चालूच होत नाही. ट्रिमरला लागतो तो टॉर्क किरकोळ. वजनाला हलका, लांबीला आखूड, षटकोनी बिट झटकन बसतं. मला तरी यात काही वावगं दिसत नाही.

लेथवाला_काका
@ठिणगी, हातोड्याबद्दल तुमचं बरोबर आहे, नुसत्या कापण्यात तो वाजणार नाही. पण कटर अडकला की वाजतो, आणि कटर अडकतोच: पुंगळी कोलेटमध्ये सैल बसली, तोंड चेपलेलं होतं, किंवा पायलट घट्ट झाला. त्या क्षणी ड्रिलचा क्लच घसरून सुटतो, इम्पॅक्ट मात्र शाफ्टवर घाव घालायला लागतो. कार्बाइडचा कटर असेल तर धारेचा टवका उडणार हे नक्की.

शिवाय इम्पॅक्टचा पूर्ण वेग २,५००-३,००० च्या घरात असतो. त्यातून ३०० काढायला ट्रिगर केसभर दाबून धरावा लागतो. शेकडो पुंगळ्यांसाठी ते बोटाला जमत नाही आणि प्रत्येक कापाचा वेग वेगळा पडतो. दोन-गिअरच्या ड्रिलमध्ये पहिला गिअर टाकला की पूर्ण दाबूनही ४००-५०० च्या वर जात नाही. तिथे माणसाला सांभाळावं लागत नाही, गिअरच सांभाळतो.

ठिणगी
टवक्याचा मुद्दा पटला. पण हातोडा बंद ठेवणारा स्क्रू मोड असलेले इम्पॅक्ट येतात, ते चालतील की.

लेथवाला_काका
वेग खरोखर ५०० च्या खाली बांधला जात असेल तर चालेल. चक नाही, त्यामुळे षटकोनी सॉकेटची ढिलाई राहते, पण ती इथे फायद्याचीच. जोडणीबद्दल कुणीतरी लिहा, मी नंतर येतो.

मिलिमीटर
जोडणीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त ट्रिमर इथेच बिघडतात.

ट्रिमरचा शाफ्ट त्याच्या बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) सरळ धरलेला असतो. पॉवर टूलनं त्याला फक्त फिरवायचं. वर-खाली, डावी-उजवीकडे ढकलायचं नाही. ड्रिलच्या चकमध्ये शाफ्ट थेट आवळला आणि ड्रिल हातात धरलं की दीड-दोन किलोचं वजन त्या बारीक शाफ्टच्या टोकाला लटकतं. बुश हळूहळू अंडाकृती होतो, कटर तिरका बसतो, आणि तोंड एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला खोल कापलं जातं. व्हर्नियर एकाच जागी लावला तर हे कळणारही नाही. पुंगळी पाव-पाव फेरा वळवून चार ठिकाणी मापा.

आणखी एक. चकच्या जबड्यांनी शाफ्टवर वळ उठतात. तो उठलेला भाग बुशमधून मागे ओढला की बुश आतून खरवडला जातो. म्हणून:

हँडल ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) असेल तर ते काढा आणि कंपनीचा पॉवर अ‍ॅडॅप्टर मिळत असेल तर तोच लावा. बहुतेक ट्रिमरना तो मिळतो. त्याचं षटकोनी टोक चकमध्ये घट्ट न आवळता मॅग्नेटिक बिट होल्डरमध्ये बसवा. होल्डरमध्ये थोडी ढिलाई असते, त्यामुळे ड्रिलचा तिरकेपणा शाफ्टपर्यंत पोचत नाही.

अ‍ॅडॅप्टर नसेल तर जाड भिंतीची रबरी नळी दोन-तीन इंच, दोन्ही टोकांना होज क्लिप. एका टोकात शाफ्ट, दुसऱ्या टोकात चकमध्ये धरलेला तेवढ्याच व्यासाचा गोल तुकडा. सुरुवातीला नळी थोडी पिळते, मग फिरते. तेवढा पीळ चालतो. सॉकेट सेटमधला छोटा युनिव्हर्सल जॉइंटही चालतो, फक्त कोन १०-१५ अंशांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात वेग कमी-जास्त होत राहतो आणि तोंडावर लाटा दिसतात.

अनुस्वार
मिलिमीटर यांच्या पोस्टला +१. चकमध्ये थेट आवळलेला शाफ्ट चक थोडा आउट (मध्यापासून सरकलेला) असला तरी थरथरतो, आणि स्वस्त कीलेस चक आउट असतोच.

वाचनमात्र
रोटरी टूल ३०,००० आरपीएमला लावलं तर?

ठिणगी
@वाचनमात्र, मग छाटलेली पुंगळी शोधायला दुसरा धागा काढावा लागेल.

हातोडा_छन्नी
नेमधारींचा तिसरा प्रश्न राहिला, लांबीचा. ड्रिल जोडल्यावर लांबी हळूहळू कमी होत जाते अशी तक्रार नेहमी येते आणि दोष ड्रिलला दिला जातो. घडतं ते असं.

लांबी ठरवणारी गोष्ट म्हणजे शाफ्टवरची स्टॉप कॉलर (ग्रब स्क्रूनं पक्की केलेली कडी). ती बुशच्या तोंडाला टेकली की कटर पुढे जात नाही. हातानं फिरवताना टेकली की आपण थांबतो. ड्रिलनं मात्र टेकल्यावरही दोन-तीन सेकंद फिरवत दाबत राहतो. कॉलर आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, कॉलर तापते, ग्रब स्क्रू सैल होऊन ती केसभर मागे सरकते. शंभराव्या पुंगळीला ०.१ मिमी कमी दिसलं तर कारण हे.

उपाय: कॉलर आणि बुशच्या मध्ये एक पातळ कडक वॉशर घाला आणि दोन्ही बाजूंना तेलाचा थेंब द्या. वॉशर घालूनच लांबी सेट करा, नंतर घातला तर पुंगळ्या वॉशरच्या जाडीएवढ्या लांब येतील. ग्रब स्क्रूला मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद). आणि कॉलर टेकल्यावर दोन फेरे, पुरे. ते दोन फेरे तोंड सपाट करतात, पुढचे सगळे फक्त झिजवतात.

उलटंही होतं. पितळेचा बुरा कॉलर आणि बुशच्या मध्ये अडकला तर लांबी जास्त येते. दर काही पुंगळ्यांनी ब्रशनं झटका. फुंकर मारू नका, बुरा डोळ्यात जातो.

नेमधारी
हातोडा_छन्नी, हे फार उपयोगी. मापं .२२३ ला १.७५० इंच (४४.४५ मिमी) आणि .३०८ ला २.००५ इंच (५०.९३ मिमी) धरतो, म्हणजे कमाल लांबीपेक्षा ०.०१० इंच कमी. यात किती फरक चालवून घ्यावा?

हातोडा_छन्नी
बरोबर, कमाल १.७६० आणि २.०१५. एका गठ्ठ्यात ०.०५ मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या. कोलेटनं रिम धरणाऱ्या ट्रिमरमध्ये रिमच्या जाडीतला फरक थेट लांबीत उतरतो, तो ड्रिलनं जाणार नाही आणि हातानंही नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या एकत्र छाटत असाल तर आधी हेडस्टॅम्पप्रमाणे (तळावरचा शिक्का) वेगळ्या करा. आणि मापताना बर (कापताना कडेला उठलेलं पितळ) काढूनच मापा. तोंडावरची बर सहज ०.०५ खोटं वाढवते.

कुतूहल
विषयाबाहेरचं विचारतो. लांबी एवढी का जपायची? पाव मिलिमीटरनं काय होतं?

अनुस्वार
@कुतूहल, फायर केल्यावर आणि नंतर डायमध्ये (साच्यात) पुन्हा साइझ करताना, म्हणजे दाबून मूळ मापावर आणताना, पितळ पुढे मानेकडे सरकतं, पुंगळी लांब होते. ती कमाल लांबीपेक्षा वाढली की तोंड चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) शेवटी, जिथून बॅरलचा घसा सुरू होतो, तिथे जाऊन टेकतं. मग मानेला बुलेट सोडायला फुलता येत नाही, तोंड बुलेटवर चिमटल्यासारखं बसतं आणि दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणजे हे कौतुकाचं काम नाही, सुरक्षेचं आहे.

म्हणूनच क्रम नेहमी आधी साइझ, मग छाटणी. उलटा क्रम ठेवला तर छाटलेली पुंगळी डायमधून बाहेर येताना परत लांब. आणि साइझिंगचं ल्युब (वंगण) पुसूनच ट्रिमरला लावा, नाहीतर बुरा त्याला चिकटून पायलटबरोबर मानेत जातो.

कुतूहल
पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांनाही हेच?

अनुस्वार
सहसा नाही. ९ मिमी लुगर तर तोंडावर टेकूनच चेंबरमध्ये आपली जागा घेते (हेडस्पेस) आणि फारशी लांबत नाही. ती उगाच छाटून आखूड करणं म्हणजे बसवणंच बिघडवणं. जिथे क्रिंप (तोंड बुलेटवर दाबून आवळणं) एकसारखा हवा, उदाहरणार्थ रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या, तिथे एकदा सगळ्या सारख्या करून घेण्यात अर्थ आहे.

शेवटचा_स्क्रू
चर्चा सगळी लेथ-टाइपवर चालली आहे. इतर प्रकारांना वेगळी उत्तरं आहेत, वाचणाऱ्यांसाठी नोंदवतो.

ली कंपनीची साधी पद्धत: लॉक स्टड (पुंगळीचा तळ धरणारा तुकडा) ड्रिलच्या चकमध्ये, त्यात पुंगळी, आणि कटर आपल्या हातात. इथे पुंगळी फिरते. लांबी ठरते ती गेजच्या पिननं, जी पुंगळीच्या तळातल्या भोकातून (फ्लॅश होल) आरपार जाऊन मागे टेकते. त्यामुळे कितीही दाबलं तरी ठरल्यापेक्षा आखूड होत नाही. प्रायमर (तळातली ठिणगी देणारी टोपी) काढलेला असलाच पाहिजे. बर्डन पुंगळी, म्हणजे तळाला मध्याऐवजी बाजूला दोन भोकं असलेली, चुकून घातली की पिन वाकते. कुठलाही ड्रिल चालतो, आणि तिथेच स्टील वूल लावून मान चमकवूनही घेता येते.

विल्सनच्या ट्रिमरमध्ये पायलट नसतो, पुंगळीचं निमुळतं अंग होल्डरमध्ये हलकेच ठोकून बसवायचं. काकांनी सांगितलेली पायलट तापण्याची भानगड तिथे नाही. पण होल्डर प्रत्येक वेळी ठोकून बसवायचा-काढायचा असल्यामुळे ड्रिलनं एकूण वेळ फारसा वाचत नाही.

खांद्यावर (मानेखालचा उतार) टेकणारे ट्रिमर थेट ड्रिलमध्ये बसवायलाच बनवलेले असतात, पुंगळी हातात धरून आत ढकलायची. त्यांना जास्त वेगच मानवतो. फक्त लांबी खांद्यावरून मोजली जात असल्यामुळे साइझिंग डायची सेटिंग गठ्ठाभर एकच हवी. खांदा ०.०५ मिमीनं मागेपुढे झाला की एकूण लांबीही तेवढीच बदलली.

लेथवाला_काका
शेवटचा_स्क्रू यांनी छान नोंदवलं. पितळेबद्दल थोडं जोडतो. पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, त्यात शिसं नाही. लेथवर चालणारं शिसंयुक्त पितळ चुरचुरीत तुटतं, हे मऊ आणि चिवट आहे, बुरा तारेसारखा निघतो. कटरची धार बोथट असेल तर ते कापलं जात नाही, लोटलं जातं, आणि आत-बाहेर जाड बर येते. ड्रिल जोडल्यावर "बर जास्त येते" ही तक्रार असेल तर आधी कटर बघा. मानेचं अ‍ॅनीलिंग (तापवून मऊ करणं) केल्यावर लगेच छाटलं तरीही बर वाढते, ती पितळ मऊ झाल्याची असते, कटरचा दोष नसतो.

तोंडावर नक्षी, म्हणजे बारीक लाटा दिसल्या तर कारणं तीन: पुंगळी कोलेटमध्ये सैल, पायलट मानेला लहान, किंवा वेग कमी आणि दाब जास्त. पहिली दोन तपासा, मग ५०-१०० आरपीएम वाढवून दाब अर्धा करा. पायलट मानेत जेमतेम सरकणारा हवा. बोटानं फिरवला तर फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. त्यावर सुका ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची पूड चिमूटभर.

ड्रिल उलट्या दिशेला फिरवू नका. कटर बाहेर काढताना बरेच जण सवयीनं रिव्हर्स दाबतात. धार मागच्या बाजूनं घासली जाते आणि महिन्यांनी बोथट व्हायची ती दिवसात होते. फिरत असतानाच सरळ मागे ओढा, मग थांबवा.

मिलिमीटर
ड्रिल हातात धरू नका, बसवा. वायरच्या बऱ्याच ड्रिलच्या गळ्याचा व्यास ४३ मिमी असतो, त्या मापाचे स्टँड मिळतात. कॉर्डलेसला गळा नसतो, त्याला लाकडाच्या दोन तुकड्यांत अंगाच्या आकाराचा खोबणा करून तो व्हाइसमध्ये धरा. प्लास्टिकचं अंग थेट व्हाइसमध्ये आवळलं की गिअरबॉक्स दबतो. ड्रिल आणि ट्रिमर एकाच फळीवर, एका रेषेत, मध्ये मऊ कपलिंग. ड्रिल तर पुढे सरकणार नाही, मग कटर पुढे कसा नेणार? त्यासाठी कपलिंगला आत-बाहेर सरकायला जागा ठेवा. लांब षटकोनी दांडी सॉकेटमध्ये सैल सरकती ठेवली की कॉलरमागून बोटानं ढकलता येतं. दाब किती देतोय ते बोटाला कळतं, ड्रिलच्या वजनात कळत नाही.

ठिणगी
फिरत्या कॉलरला बोट लावायला सांगताय!

मिलिमीटर
@ठिणगी, रास्त हरकत. बोट थेट नाही. शाफ्टवर सैल बसणारी पितळी किंवा नायलॉनची बांगडी घाला, तिला छोटा दांडा. शाफ्ट आत फिरतो, बांगडी फिरत नाही, ढकलायचं बांगडीला. हातमोजे मात्र अजिबात नको, फिरत्या शाफ्टमध्ये मोज्याचा धागा अडकला तर बोट घेऊन जातो. बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको, डोळ्यांवर चष्मा.

शेवटचा_स्क्रू
ट्रिगरला केबल टाय लावून वेग बांधणारेही असतात. ते करू नका. अडकल्यावर हात सोडला तरी यंत्र चालूच राहतं. वायरच्या ड्रिलला पायानं दाबायचा स्विच वीजपुरवठ्यावर लावा, पाय उचलला की बंद. काही नव्या ड्रिलमध्ये वीज गेल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते, ती पाय-स्विचवर चालणार नाहीत. विकत घेण्याआधी बघा.

आणि जिवंत काडतूस किंवा न वापरलेला प्रायमर असलेली पुंगळी कुठल्याही यंत्राला लावायची नाही. गठ्ठा हातात घेताना प्रत्येक पुंगळीचा तळ बघा.

अनुस्वार
रीलोडिंगला आपापल्या देशात परवाना लागतो का ते आधी पाहणं, हेही त्यात आलंच.

वोल्टमीटर
ड्रिलचा हट्ट का? १२ व्होल्टची गिअर मोटर बघा. हँडलची त्रिज्या ५० मिमी आणि हाताचा जोर पाच ते दहा न्यूटन धरला तर टॉर्क येतो पाव ते अर्धा न्यूटन-मीटर. दुप्पट राखून १ न्यूटन-मीटर घ्या. २५० आरपीएमला ही शक्ती २६ वॅट. गिअर आणि मोटरचा तोटा धरून ४५ वॅट पकडा, म्हणजे १२ व्होल्टवर चारेक अँपिअर. ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय, पाय-स्विच, ५ अँपिअरचा फ्यूज. आवाज कमी, वेग कायम तोच, बॅटरी संपायची चिंता नाही. फक्त क्लच नसतो, म्हणून मिलिमीटर यांची रबरी नळी इथे सक्तीची. अडकलं तर ती पिळते, तेवढ्यात पाय उचलायचा, ट्रिमर वाचतो.

लेथवाला_काका
उत्तम. कायमचं बसवायचं असेल तर हाच पर्याय ड्रिलपेक्षा चांगला.

नेमधारी
सगळ्यांचे आभार. सध्या कॉर्डलेस ड्रिल पहिल्या गिअरमध्ये, लाकडी खोबण्यात, बिट होल्डरवर, वॉशर आणि तेल घालून असं ठरवतोय. गिअर मोटर पुढच्या टप्प्याला. दोन गोष्टी राहिल्या. क्लच कितीवर ठेवू? आणि छोटा इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर आणि ड्रिल प्रेसबद्दल कुणी काहीच बोललं नाही.

लेथवाला_काका
क्लच सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करा. कापताना घसरला तर एक-एक आकडा वाढवा, जिथे घसरणं थांबेल तिथेच ठेवा, त्याच्या वर नको. ड्रिलच्या खुणेवर जाऊ नका, तिथे क्लच सुटतच नाही.

छोटा स्क्रूड्रायव्हर २०० आरपीएमच्या आसपास फिरतो, वजन जेमतेम. .२२३ साठी मोठ्या ड्रिलपेक्षा तोच सोयीचा. .३०८ मध्ये पितळ जास्त काढायचं असेल तर अडतो आणि बॅटरी मध्येच बसते. दोन्ही कॅलिबर असल्यामुळे तुमचा ड्रिलचा निर्णय बरोबर आहे. १२ व्होल्टचं मिळालं तर १८ पेक्षा ते घ्या, ताकद पुरेशी आणि वजन बरंच कमी.

ड्रिल प्रेस आडव्या ट्रिमरला जोडायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच ड्रिल प्रेसचा सगळ्यात कमी वेगच ५००-६०० असतो आणि दोन यंत्रांची रेषा जुळवणं कटकटीचं. त्यासाठी पुंगळी उभी पकडणारा तळ वेगळा मिळतो, तिथे कटर चकमध्ये आणि खोली प्रेसच्या स्टॉपवर. तो वेगळा ट्रिमरच झाला.

हातोडा_छन्नी
सुरू करताना पहिल्या पाच पुंगळ्या एकेक करून मापा, मग दर दहावी. आकडा सरकताना दिसला की थांबून आधी कॉलरचा ग्रब स्क्रू बघा, मग कॉलर आणि बुशमधला बुरा, आणि शेवटी कोलेट. सेटिंगला हात सगळ्यात शेवटी.